क्लोरीनच्या तलावात पोहणं आणि तब्येत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की पालिकेच्या तलावांवर उन्हाळी बॅचसाठी रांगा लागतात. मुलाला आत सोडलं की पालकांना पाऊण तास बाहेरच्या बाकावर काढायचा असतो. मग चर्चा सुरू होते : वास फार येतोय, केस खराब होतात, कोणाच्या तरी भाच्याला दमा झाला म्हणे. दरवर्षी तेच प्रश्न असतात, म्हणून ते बाकावर ज्या भाषेत विचारले जातात त्याच भाषेत इथे घेतले आहेत.

पाण्यात क्लोरीन टाकतात ते नेमकं काय करतं? आणि किती असावं?

ब्लीचिंग पावडर वापरा, हायपोक्लोराइटचं द्रावण वापरा, टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल या क्लोरीनयुक्त रसायनाच्या) गोळ्या वापरा नाहीतर सिलिंडरमधला वायू सोडा, पाण्यात शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारतं ते हेच आम्ल. त्यातलं किती कामाच्या रूपात राहणार, हे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा, ठरवतो. पीएच ७.५ च्या आसपास असेल तर साधारण निम्मं क्लोरीन कामाला येतं. तोच ८ वर गेला की जेमतेम पाव उरतं. म्हणजे पावडर तेवढीच, खर्च तेवढाच, पण मारा निम्मा. नुसतं ‘क्लोरीन किती टाकलं’ असं विचारून भागत नाही ते यामुळे.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार तलावात मोकळं क्लोरीन (कशाशीही संयोग न झालेलं, जंतू मारायला शिल्लक असलेलं) निदान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम हवं आणि पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान हवा. टीसीसीए वापरत असाल तर निदान २ पीपीएम. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं म्हटलं आहे.

तलावाला उग्र वास येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झालंय ना?

बहुतेक वेळा उलटं असतं. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांतून अमोनिया आणि युरियासारखे पदार्थ पाण्यात उतरतात. त्यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकात जातो तो वास त्यांचा. त्यांच्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार वेळ टिकत नाही, हवेत उडतं आणि पृष्ठभागालगत साचून राहतं. पोहणाऱ्याचं नाक आणि तोंड नेमकं त्याच पट्ट्यात असतं.

घोळ इथूनच सुरू होतो. कोणीतरी वासाची तक्रार करतं, कर्मचारी दुसऱ्या दिवशी पावडर कमी टाकतो, क्लोरामाइन तशीच राहतात, जंतू मारायला मात्र काही उरत नाही. खरा उपाय म्हणजे बॅच बंद असताना एकदम मोठी मात्रा देऊन ही संयुगं मोडून काढणं, आणि काही पाणी काढून ताजं भरणं. रविवारी संध्याकाळच्या शेवटच्या बॅचला जो वास येतो तो सोमवारच्या पहाटेच्या बॅचला नसतो, यावरूनच तो कोणामुळे येतो ते कळावं.

आपल्याकडचे बहुतेक सार्वजनिक तलाव उघड्यावर असतात, वारा बरंच काही घेऊन जातो. हॉटेलं, क्लब आणि टॉवरांच्या तळमजल्यावरच्या बंदिस्त तलावांत मात्र हवा खेळती नसेल तर घसा खवखवायला दहा मिनिटं पुरतात.

लोक खरंच पाण्यात लघवी करतात? आणि केली की पाण्याचा रंग बदलतो असं ऐकलंय.

करतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याचा अंदाज मोठ्या युक्तीने बांधला. डाएट पेयांमध्ये एसीसल्फेम नावाचा कृत्रिम गोडवा असतो. तो शरीरात पचत नाही, जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. तलावाच्या पाण्यात तो किती सापडतो यावरून हिशेब केला. ऑलिम्पिक तलावाच्या साधारण एक-तृतीयांश आकाराच्या एका तलावात सुमारे ७५ लिटर लघवी असावी, असा आकडा निघाला.

रंग बदलणारं रसायन ही पोरांना धाक घालायला सांगितलेली गोष्ट आहे. असं रसायन कोणीही तलावात टाकत नाही. धाक चालू ठेवायला हरकत नाही.

पोहून आल्यावर डोळे लाल होतात. क्लोरीनची ॲलर्जी आहे का?

ॲलर्जी क्वचितच. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः क्लोरामाइनमुळे, आणि पीएच भलतीकडे गेला असेल तर त्यामुळे. शिवाय साध्या पाण्यानेसुद्धा डोळ्यांवरची अश्रूंची पातळ थर धुऊन जाते. गॉगल घट्ट बसणारा घ्या, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने डोळे धुवा, तासा-दोन तासांत लाली जाते. दुसऱ्या दिवशीही लाली असेल, चिपडं येत असतील, उजेड सहन होत नसेल तर डोळे आलेत असं समजा आणि बॅच बुडवा. डोळे येण्याचे विषाणू तलावावर एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात, विशेषतः क्लोरीन कमी पडलं आणि टॉवेल एकमेकांचे वापरले तर.

कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहू नका. लेन्सखाली अडकलेल्या पाण्यातला अकँथअमीबा हा जीव बुबुळाला जखम करू शकतो. हे दुर्मिळ आहे, पण झालं तर दृष्टीवर बेततं.

पोहायच्या आधी अंगाला आणि केसांना खोबरेल तेल लावावं का?

पिढ्यानपिढ्या चालत आलेला सल्ला आहे, आणि विहिरीच्या काळात त्यात वावगं काही नव्हतं. तलावात मात्र ते तेल पाण्यावर तवंग धरतं, फिल्टरमध्ये जाऊन बसतं आणि जंतूंसाठी ठेवलेलं क्लोरीन खाऊन टाकतं. तीस जणांच्या बॅचमध्ये वीस जण तेल चोपडून उतरले तर काठाच्या फरशीवर हात फिरवून बघा, बोटाला चिकट काळसर थर लागतो.

केसांसाठी सोपी गोष्ट अशी : उतरण्यापूर्वी शॉवरखाली केस पूर्ण भिजवा. साध्या पाण्याने फुगलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. वर टोपी घाला. बाहेर आल्यावर लगेच धुवा. तेल घरी जाऊन लावा, पाहिजे तेवढं.

केस हिरवट होतात ते क्लोरीनमुळेच ना?

तांब्यामुळे. शेवाळ येऊ नये म्हणून आपल्याकडे सर्रास मोरचूद टाकतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते तांबं केसांवर बसतं. काळ्या केसांत दिसत नाही, पिकलेल्या किंवा रंगवलेल्या केसांत दिसतं. आजोबांच्या पांढऱ्या केसांना हिरवी झाक आली तर तलावात मोरचुदाचा हात सैल आहे असं समजायला जागा आहे.

मुलगी काळी पडेल का?

हा प्रश्न मुलीच्याच आईला पडतो, मुलाच्या नाही, असो. त्वचा रापते ती उन्हामुळे. दुपारी चारच्या बॅचऐवजी सकाळी सातची घ्या.

त्वचा कोरडी पडते, खाज येते. इसब असलेल्या मुलाला न्यावं का?

क्लोरीन त्वचेवरचं नैसर्गिक तेल काढून टाकतं, त्यामुळे कोरडेपणा येतोच. पोहून झाल्यावर लगेच सौम्य साबणाने अंघोळ करून, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा तेल लावलं तर बहुतेकांचं भागतं. इसब असलेली पुष्कळ मुलं व्यवस्थित पोहतात. काहींना तर फायदाही होतो, कारण क्लोरीनमुळे त्वचेवरचे जंतू कमी होतात. पण चट्टे फुटलेले, ओले असतील तेव्हा थांबा.

तलावावरून घरी येणारे दुसरे पाहुणे म्हणजे चिखल्या, नायटा आणि तळपायाचे चामखीळ. ते बहुतेक पाण्यातून येत नाहीत, कपडे बदलायच्या खोलीतल्या ओल्या फरशीवरून येतात. तिथे अनवाणी फिरू नका आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

मुलाला दमा आहे. डॉक्टर म्हणतात पोहू दे, शेजारी म्हणतात क्लोरीनने दमा वाढतो. कोणाचं ऐकावं?

शेजाऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाही. २००३ च्या सुमारास बेल्जियममधले संशोधक आल्फ्रेड बर्नार्ड यांनी बंदिस्त तलावांतलं ट्रायक्लोरामाइन लहान मुलांच्या फुफ्फुसांना अपाय करत असावं, अशी मांडणी केली आणि युरोपभर खळबळ उडाली. बंदिस्त तलावांवर दिवसभर काम करणाऱ्या जीवरक्षकांमध्ये कामामुळे जडलेल्या दम्याच्या नोंदीही आहेत. स्पर्धांसाठी रोज तासन्तास पोहणाऱ्यांच्या श्वासनलिका जास्त संवेदनशील झालेल्या आढळतात.

पण पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला गेला, तो वेगळा होता. पोहणाऱ्या मुलांत दम्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट त्यांच्या फुफ्फुसांची क्षमता बरी होती, आणि ज्यांना आधीपासून दमा होता त्यांच्यात हा फरक जास्त जाणवला. तलावावरची हवा दमट असते. कोरड्या थंड हवेत धावण्यापेक्षा ती दम्याच्या मुलाला मानवते.

म्हणून डॉक्टरांचं ऐका, मात्र तलाव बघून निवडा. उघडा किंवा भरपूर खेळत्या हवेचा असावा. दारातच वासाने डोळ्यांत पाणी आलं तर त्या दिवशी परत फिरा. इन्हेलर पिशवीत नको, काठावर प्रशिक्षकांच्या नजरेसमोर हवा, आणि त्यांना आधी सांगून ठेवलेलं हवं. ‘सांगितलं तर प्रवेश नाकारतील’ म्हणून दमा लपवणारे पालक असतात. त्यापेक्षा धोक्याचं दुसरं काही नाही.

क्लोरीनमुळे कॅन्सर होतो का?

क्लोरीन आणि सेंद्रिय मळ यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमीथेन नावाची संयुगंही तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलंच एक. बार्सिलोनामध्ये ४९ निरोगी प्रौढांना बंदिस्त तलावात ४० मिनिटं पोहायला लावून त्यांचा उच्छ्वास, रक्त, लघवी तपासली, तेव्हा उच्छ्वासात ही संयुगं पोहण्याआधीच्या सुमारे सातपट आढळली, आणि ज्यांच्यात जास्त होती त्यांच्या पेशींत काही सूक्ष्म बदलही दिसले. त्याच संशोधकांनी मात्र हेही सांगितलं की पोहण्याचे फायदे मोठे आहेत, ते सोडू नका, पाणी स्वच्छ ठेवा. एका पोहण्यानंतरचा बदल आणि कॅन्सर यांत बरंच अंतर आहे. आठवड्यातून चार दिवस तलावावर जाणाऱ्याने या भीतीने घरी बसावं असं माझ्या तरी वाचनात काही आलेलं नाही. हृदयविकार आणि मधुमेह आपल्या घराघरांत आहेत, आणि व्यायाम न करणं ही त्यांची जुनी सोबतीण आहे.

कान दुखतो. पाणी अडकलंय का?

कानाच्या भोकापुढचा छोटा कुर्च्याचा उंचवटा दाबा किंवा पाळी ओढून बघा. त्याने दुखलं तर बाहेरच्या कानमार्गात संसर्ग झाला असण्याची शक्यता जास्त, ज्याला पोहणाऱ्यांचा कान म्हणतात. पाण्याने त्वचा मऊ पडते आणि बहुतेकदा स्यूडोमोनास नावाचा जीवाणू तिथे शिरतो. इअरबड घालून साफ करणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण मळाचं संरक्षक अस्तरच ते काढून टाकतात. कोमट तेल घालू नका. डोकं एका बाजूला कलवून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा. पडद्याला भोक असेल किंवा कानातून पू येण्याचा इतिहास असेल तर पाण्यात उतरण्याआधीच कानाच्या डॉक्टरांना विचारा.

दातांवर परिणाम होतो म्हणतात, खरं का?

पाणी आम्लधर्मी झालं तरच. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका तलावावर पोहणाऱ्या स्पर्धक जलतरणपटूंपैकी ३९ टक्क्यांनी दातांचं वरचं आवरण झिजल्याची लक्षणं सांगितली. तलावाचा पीएच मोजला तर २.७ निघाला, लिंबाच्या रसाच्या वाटेवरचा. तिथे क्लोरीन वायू वापरत होते, जो पाणी आम्लधर्मी करतो, आणि ते उदासीन करायची व्यवस्था बिघडलेली होती. हौसेने पोहणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही.

क्लोरीन असताना जुलाब कसे होतात?

क्लोरीन सगळ्यांना सारख्याच वेगाने मारत नाही. मोकळं क्लोरीन १ पीपीएम असलेल्या पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मिनिटभरही टिकत नाही. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू साधारण १६ मिनिटं तग धरतो, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी पाऊण तास. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी? दहा दिवसांहून जास्त. त्याचं कवचच तसं चिवट आहे.

म्हणजे जुलाब होत असलेलं एक मूल बेबी पूलमध्ये उतरलं तर पुढचा आठवडाभर तिथलं पाणी बाधक राहू शकतं, फळ्यावर क्लोरीनचा आकडा कितीही चांगला लिहिलेला असला तरी. मुलं पाणी गिळतातही भरपूर : अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाऊण तासाच्या पोहण्यात मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेलेलं आढळलं, मोठ्यांच्या १६. पोट बिघडलेलं असताना मुलाला तलावावर आणू नका, ‘फी भरली आहे’ हे कारण चालत नाही. क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यापासून लांब राहायचं असतं. साधा डायपर पाण्यात काही अडवत नाही. पोहण्याचे डायपरही जुलाब रोखू शकत नाहीत.

आमच्या सोसायटीत मिठाचं पाणी आहे, क्लोरीन नाही. ते बरं ना?

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तिथेच क्लोरीन तयार करतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘क्लोरीनमुक्त’ छापलेलं असेल तर ते चूक आहे. क्लोरीन सतत आणि थोडं थोडं मिळत असल्याने पाणी सौम्य वाटतं, एवढं खरं. ओझोन आणि अतिनील किरणांची यंत्रं कामाची असतात, क्रिप्टोलाही अतिनील किरणं मारतात, पण ती यंत्राच्या खोलीतून जाणाऱ्या पाण्यावरच चालतात. तलावात उरून राहणारं क्लोरीन तरीही लागतंच.

गरोदरपणात चालेल?

गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर चालतं, पाठीला आरामही मिळतो. बंदिस्त, वास मारणारा तलाव आणि गरम पाण्याचा जकुझी टाळा.

त्यापेक्षा गावची विहीर काय वाईट? रसायन नाही, काही नाही.

पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली पिढी हे म्हणणारच, आणि त्या पोहण्याची सर तलावाला नाही हे मान्य. पण नैसर्गिक पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. नेग्लेरिया फाऊलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, नाकातून मेंदूपर्यंत जातो, आणि झालेल्या मेंदूज्वरातून फार थोडे वाचतात. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा अमीबाजन्य मेंदूज्वरांचे रुग्ण आढळल्यावर तिथे विहिरींत आणि टाक्यांत क्लोरीन घालायची मोहीम सरकारला हाती घ्यावी लागली. क्लोरीनकडे दुर्लक्ष झालेला तलावही यातून सुटत नाही : आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या उस्ती नाद लाबेम या शहरात १९६२ ते १९६५ दरम्यान एकाच बंदिस्त तलावात पोहलेले १६ तरुण याच आजाराने गेले. हा आजार फार दुर्मिळ आहे. तरीही साचलेल्या कोमट पाण्यात उडी मारताना नाक चिमटीत धरा किंवा नाकाची क्लिप लावा.

पाणी निळंशार दिसतं. मग स्वच्छच असणार?

निळ्या फरशा आहेत, म्हणून निळं दिसतं. खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघा, नसेल तर उतरू नका. बुडणारा माणूसही दिसणार नाही. गढूळपणा तुरटीने खाली बसतो, पण नितळ पाण्यात क्लोरीन असेलच असं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कोणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, त्याने क्लोरीन निकामी झालं, आणि काही दिवसांतच डायव्हिंगचा तलाव सगळ्या जगासमोर हिरवागार झाला.

तपासायचंच असेल तर कर्मचाऱ्याकडची पेटी मागा. दोन नळ्यांची छोटी प्लास्टिकची पेटी असते. कोपरभर खोलीवरून पाणी घ्यायचं, एका नळीत क्लोरीनचे थेंब, दुसरीत पीएचचे. पहिली पिवळी होते, दुसरी केशरी ते गुलाबी. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, त्यात कुचकामी झालेलं क्लोरामाइनही धरलेलं असतं. गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी मोकळं क्लोरीन वेगळं दाखवते, म्हणून ती चांगली. शिवाय कडक उन्हात साधं क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतं. सकाळी सहाचा आकडा फळ्यावर संध्याकाळपर्यंत तसाच असेल, तर तो आकडा फक्त फळ्यावरचा आहे.

सोसायटीच्या तलावात वॉचमनच पावडर टाकतो. काही धोका?

त्यालाच सगळ्यात जास्त धोका आहे. ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत किंवा एकाच मापाने हाताळली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन्ही वेगवेगळ्या, कोरड्या जागी ठेवा. पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. त्याला हातमोजे, चष्मा आणि मास्क सोसायटीने द्यायला हवा, आणि लोक पाण्यात असताना बादली रिकामी करू नये.

मोठ्या तलावांवर सिलिंडर असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या पालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहायला आलेल्यांना आणि कर्मचाऱ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत आणि पाण्यालगत पसरतो. झोंबरा वास एकाएकी वाढला, लोक खोकायला लागले, तर कपडे-पिशव्या सोडा, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंच जागी चढा, तळघराकडे जाऊ नका. डोळे आणि अंग भरपूर पाण्याने धुवा, भिजलेला पोशाख काढा. बरं वाटलं तरी त्या दिवशी दवाखान्यात दाखवा आणि क्लोरीन हुंगलं आहे असं स्पष्ट सांगा, कारण फुफ्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.